मास्तरांच्या तेलाचा गुन्हा

ती घटना आजही आठवते असं लिहायला बसलो, पण ते खरं नाही. आठवायला आधी विसरावी लागते. ही मी कधी विसरलोच नाही. सेवेत असताना मी बरेच गुन्हे उघडकीस आणले, त्यांतल्या काहींसाठी माझा सत्कारही झाला. त्या सत्कारांचे फोटो घरात कुठे आहेत हे मला सांगता येणार नाही. या प्रकरणात मात्र माझा साधा दाखल्यापुरताही उल्लेख कुणी केला नाही, आणि तेच बरं झालं.

मी घाटावरचा. मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून आलो तेव्हा समुद्राबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तो खारट असतो. ठाण्यातले हवालदार इथलेच, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. गाव त्यांनीच मला ओळखीचं करून दिलं. कोण कुणाचा भाऊबंद, कुणाची होडी कुठे लागते, कोण दारू पिऊन ठाण्यात येतो आणि रडून परत जातो, हे सगळं त्यांना पाठ होतं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला मास्तरांची शेड दाखवली. मास्तर म्हणजे तंत्रशाळेत डिझेल मेकॅनिक शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरामागच्या शेडमध्ये ते इंधन बनवत. पर्यटकांच्या खानावळींतून तळणीचं उरलेलं तेल गोळा करायचं आणि किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडांखाली बाया बिया वेचत, त्यांचं तेल काढून आणायचं. ते गाळायचं, तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून ढवळायचं, मग पिंप रात्रभर तसंच ठेवायचं. खाली चिकट काळपट ग्लिसरीन बसे, वर राहिलेलं पाण्याने धुऊन, सुकवून घ्यायचं की झालं बायोडिझेल. त्यांचा बागेतला पंप त्याच्यावर चाले आणि चार होड्याही चालत. त्या होड्या खाडीतून गेल्या की बांगडे तळल्याचा वास यायचा आणि लोक हसायचे. परवाना वगैरे काही नव्हता. आम्हाला माहीत होतं, तहसीलला माहीत होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून सगळेच गप्प होते.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला आणि चौथ्या दिवशी एक होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. पहिलीच फेरी करून परत येत होती. नेमकं जिथे लाटा फुटतात तिथे इंजिन बंद पडलं आणि होडी आडवी झाली. तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, पोहत बाहेर आला; होडीही त्याचीच होती. त्याचा खलाशी आला नाही. चाळिशीचा माणूस, समुद्रात वाढलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खडकांत सापडला. आम्ही अकस्मात मृत्यू दाखल केला, इन्क्वेस्ट पंचनामा केला आणि होडी ओढून आणल्यावर टाकीतल्या तेलाचे नमुने घेतले.

त्याच संध्याकाळी मला फोन आला. करणारे इथले एक शेठ. तेलाचा, वाहतुकीचा, गाड्यांचा व्यवसाय. ठाण्याच्या कार्यक्रमाला खुर्च्या लागल्या की त्यांच्याकडून यायच्या, गणपतीत मंडप त्यांचा. असा माणूस फोन करतो तेव्हा अधिकारी जरा सावरून बसतो, मीही बसलो. ते म्हणाले, मास्तरांच्या घरगुती तेलाने माणूस मेला आहे, सगळा गाव बोलतो आहे, तुम्ही काय करणार आहात? गाव काही बोलत नव्हता. पण मी ते तपासून पाहिलं नाही.

तांडेलाचा जबाब घेतला. इथे माझी पहिली चूक झाली आणि ती मी नव्या भरतीच्या पोरांना पुढे कितीदा तरी सांगितली, ती कुणाची ते न सांगता. मी विचारलं, "होडीत मास्तरांचं तेल होतं ना?" कुठलं तेल होतं, असं विचारायला हवं होतं. त्याने खाली बघत मान हलवली, आणि मी ती मान शब्दांत लिहून घेतली.

पुरवठा निरीक्षक आणि दोन पंच घेऊन शेडवर छापा घातला. छापा कसला, मास्तरांनी स्वतःच दार उघडून दिलं. पिंपं, गाळण्या, मिथेनॉलचे कॅन, सगळं दाखवलं. काचेच्या बरणीत खाली ग्लिसरीन कसं बसतं हे पंचांना समजावून सांगू लागले, जणू आम्ही वर्गात बसलो होतो. मिथेनॉल विष आहे, ते बाळगायला परवानगी लागते. त्यांच्याकडे खरेदीची पावती होती, परवानगी नव्हती. मी पंचनामा अगदी बारकाईने लिहिला. लिटर, रंग, वास, झाकणाचं वर्णन, काही सोडलं नाही. माझ्या हातून त्याहून चांगला पंचनामा कधी झाला नसेल.

ठाण्यात त्यांची चौकशी अर्ध्या तासात संपली. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, त्या होडीत माझं तेल होतं असं तांडेल म्हणतो का? मी हो म्हणालो. मग त्यांनी सांगितलं ते असं. हे तेल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो गाळ फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून पहिल्यांदा वापरणाऱ्याने इंजिन काही तास चालवून फिल्टर बदलायचा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा बदलायचा. तांडेलाला त्यांनी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी वीस लिटरचा कॅन दिला होता आणि त्याला हे सगळं चिठ्ठीवर लिहूनही दिलं होतं. पण या वाडीत एक रीत आहे. पौर्णिमेला इंजिनाची पूजा झाली, हळद-कुंकू लागलं, नारळ वाढवला की पहिली फेरी होऊन पहिली मासळी देवाला जाईपर्यंत त्या इंजिनाला कुणी पाना लावत नाही.

"मला ती रीत माहीत होती," मास्तर म्हणाले. "तरी मी तेल पूजेच्या तोंडावर दिलं. त्याने फिल्टर बदलला नसणार. मी स्वतः जाऊन बदलायला हवा होता. चूक माझी आहे साहेब, लिहून घ्या."

पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे शाळकरी मुलालाही माहीत असतं. तरी कबुली मिळाली की अधिकाऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. माझ्याही चढलं. अटक दाखवली, वर कळवलं, वरून शाबासकी आली. मास्तरांना जामीन मिळाला, पण जामीनदार मिळेना. त्यांचं तेल घेणाऱ्या चारही होडीवाल्यांपैकी एकही आला नाही. आले असते तर तेल वापरल्याचं कबूल करावं लागलं असतं. मुलगी पुण्याहून आली तेव्हा कुठे ते सुटले. नऊ दिवस आत होते.

ते आत असतानाच मृत खलाशाची बायको ठाण्यात आली. शवविच्छेदन अहवालाची प्रत हवी असेल म्हणून मी हवालदारांना कागद काढायला सांगितला. तिच्याबरोबर प्लास्टिकचा एक मोठा कॅन होता. तो तिने कसाबसा उचलून माझ्या टेबलाशी ठेवला.

"साहेब, ह्यो कॅन मास्तरांचो," ती म्हणाली. "तांडेलान आमच्याकडे ठेवलेल्यान. पूजा झालेल्या इंजिनात पयली फेरी जायपर्यंत नवीन काय घालूचा नाय म्हणून सांगितल्यान. तो तसोच रवलो. मास्तर सुटले काय तेंका परत देवा. माका तो घरात नको."

कॅनचं सील शाबूत होतं. वर मास्तरांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली, फिल्टर कधी बदलायचा ती. ज्या रीतीमुळे मास्तर स्वतःला गुन्हेगार समजत होते, त्याच रीतीने त्यांचं तेल होडीत जाऊच दिलं नव्हतं.

मी हवालदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, टाकी रिकामी करताना त्यांना रंगाच्या थिनरसारखा वास आला होता, तळणीचा अजिबात नाही. मग तेव्हा बोलला का नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की मी विचारलं नव्हतं. खरंच विचारलं नव्हतं. मी घाईत होतो.

तांडेलाला पुन्हा बोलावलं. या वेळी मी त्याला चहा दिला आणि गप्प बसलो. गप्प बसलेल्या अधिकाऱ्यासमोर माणूस फार वेळ टिकत नाही. मच्छीमारांचं सवलतीचं डिझेल मिळायला वेळ होता आणि मास्तरांचं तेल घातलं तर फिल्टरसाठी पूजेनंतर पाना लावावा लागला असता, म्हणून त्याने पूजेच्या आदल्या दिवशी एका टँकरवरून कॅन भरून आणून टाकी भरली होती. टँकर कसालजवळ हमरस्त्यावर उभा राहायचा, डिझेल म्हणून बिनपावतीचा माल द्यायचा. टँकर शेठचा. अपघातानंतर शेठनेच त्याला मास्तरांचं नाव घ्यायला सांगितलं होतं.

मी त्याला विचारलं, मास्तरांनी तुझं काय वाईट केलं होतं?

"काय नाय साहेब. मास्तर माणूस गरीब, ते माका काय करतले? शेठाचा नाव घेतलंय तर माका ह्या किनाऱ्यार रवाक देतले काय?"

मला त्याचा संताप आला. आज तेवढा येत नाही. तो दोघांपैकी निरुपद्रवी माणूस निवडत होता आणि शेठचा फोन आल्यावर मीही तेच केलं होतं.

आता टँकर पकडायचा होता. वरिष्ठ म्हणाले, प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या, तोवर बोभाटा नको, शेठ सावध होईल. मला ते पटलं. खलाशाच्या बायकोला मी बजावून सांगितलं की कॅनबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, मास्तरांजवळसुद्धा नाही, तपास चालू आहे. तांडेलालाही तेच सांगितलं. दोघांनी ते तंतोतंत पाळलं.

टँकर त्या आठवड्यातच दिसेनासा झाला. कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही, पण बातमी वाडीतून गेली नव्हती. आमच्याच कुठल्या तरी टेबलावरून गेली असणार. अहवाल पाच महिन्यांनी आला. टाकीत बायोडिझेलचा अंश नव्हता, रासायनिक द्रावक मिसळलेला माल होता. शेठवर गुन्हा दाखल झाला. त्यांनी टँकर भाड्याने दिल्याचा जुना करार हजर केला आणि त्याच दुपारी जामिनावर घरी गेले. मास्तरांवरचा मृत्यूचा ठपका निघाला, मिथेनॉलचा गुन्हा राहिला. माझा पंचनामा इतका चोख होता की तो कुणालाही, अगदी मलासुद्धा, मोडता आला नाही. शिक्षा दंडाचीच झाली, पण झाली.

अहवाल हातात आला त्या दिवशी मी स्वतः मास्तरांकडे गेलो. निदान ही बातमी तरी चांगली आहे, असं मनात होतं. शेडला आमचं सील तसंच होतं. मास्तर निम्मे झाले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की तुमचं तेल त्या होडीत नव्हतं, कॅन न उघडता परत आला, त्या माणसाच्या मरणाशी तुमचा काही संबंध नाही.

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. विचारलं, "कॅन कधी परत आला?"

मी सांगितलं, तुम्ही आत होता तेव्हाच.

"तिनेच आणून दिला?"

मी हो म्हणालो. तिला कुणाशी बोलू नको असं मीच सांगितल्याचंही सांगितलं.

मास्तर माझ्याशी नेहमी शाळेतलं शुद्ध मराठी बोलत. त्या दिवशी नाही बोलले.

"पाच म्हयने ती माका बघून रस्तो सोडी," ते म्हणाले. "माका वाटला, मी तिचो घोव मारलंय म्हणून सोडता. मी तिच्या दारावरसून जाय नाय होतंय, साहेब. आणि तुमका म्हायत होता."

मी तपासाची गरज, वरिष्ठांचे आदेश असं काहीतरी बोलू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग दार लोटलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं मी स्वतःला विचारतो. तपासात गुप्तता राखावी लागते, हे मी आजही मानतो. पण गुप्तता कुणापासून राखायची याचा विचार मी केला नाही. ज्याच्यापासून लपवायचं होतं त्या शेठला सगळं आठवड्यात कळलं. ज्याला एका वाक्यात सोडवता आलं असतं, त्याला मी पाच महिने खुनी म्हणून जगू दिलं, आणि त्याबद्दल माझ्यावर कुठेही गुन्हा नोंदलेला नाही.