अजगराच्या टाकीतलं फडकं

ओल्या तरटाचा वास आला की मला कॉलेजच्या सापघरातला तो उन्हाळा आठवतो. मी तिथं पाणी भरायला होते. खाली ओलं तरट अंथरूनही अजगराची कात अडकली होती, डोळ्यांवरची सालसुद्धा सुटत नव्हती. ओल मिळाली नाही तर आंधळा होऊन मरेल, असं सापांचे सर म्हणाले. जाळीवर फवारणी पंपाच्या पितळी तोट्या बसवून त्यांना छतावरच्या टाकीचं पाणी जोडलं होतं, पण धुकं पडायच्या ऐवजी त्यांतून थेंब ठिबकत होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, त्यामुळे पाथरीचा मिस्त्री येईना. सर टाचणीनं तोट्या टोकरत बसले आणि मला म्हणाले, "मावशी, टाकी भरा, म्हणजे जोर येईल." मी शिडीवरून घागरी चढवत राहिले. "जोर कुठाय, मावशी?" "माझ्या गुडघ्यातला तर संपला, सर. टाकीतला तुमी बघा." टाकी काठोकाठ भरली तरी खाली थेंबच. शेवटी मी आत हात घातला, तर नळीच्या तोंडाला माझंच फडकं. पाण्यातून होणाऱ्या नारूच्या भीतीनं गावात आम्ही पाणी गाळूनच घ्यायचो, म्हणून टाकी धुताना मीच ते सवयीनं बांधलं होतं. शेवाळ बसून ते चामड्यासारखं झालं होतं. मी ते ओढून काढलं आणि कमरेला खोचलं. खाली फस्सकन धुकं उडालं आणि सर ओरडले, "बघा, टाचणीनं काम केलं!" दोन दिवसांनी कात निघाली, डोळे स्वच्छ झाले. सर ती टाचणी येईल त्याला दाखवायचे. मी बोलले नाही. नोकरीची भीती होती असं आज म्हणता येईल, पण ते खरं नाही. मी इतकी थकले होते की खरं सांगायचाही कंटाळा आला होता.