दीक्षाने बदलून आणलेला फोन

औंधचा मुलगा दीक्षाला खरंच पसंत आहे का, हे मला अजून कळलेलं नाही. पाहुणे गेल्यावर विचारलं, तर कप विसळत म्हणाली, "चालतंय की." परवा होकार कळवायचा आहे.

माझ्या लेकीला सगळंच चालतं. पाचवीत बूट चावायचे, तरी वर्षभर घातले. टाचेचे फोड मला पायाला तेल लावताना दिसले. आता ती सांगलीला एका दवाखान्यात रक्त तपासते, खोलीवर एकटी राहते. नव्याण्णव साल आहे, मोबाईल अजून डॉक्टर नि हळदीचे व्यापारीच बाळगतात. तरी मी तिला घ्यायला लावला.

तो संध्याकाळीच बंद पडायचा. मी साताऱ्याहून जाऊन तिला दुकानात ओढत नेलं. दुकानदार लालासाहेब म्हणाले, "आवं ताई, बॅटरी नवी हाय. चार दिस वापरा, रुळंल."

"चालतंय की," दीक्षा म्हणाली.

"तुला काय गं, मुका रेडिओसुद्धा चालेल," मी रस्त्यात म्हटलं. ती हसली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

पुढच्याच आठवड्यात एका बाळंतिणीला रात्री रक्त द्यायचं होतं. गट जुळवायला दीक्षा हवी, आणि फोन बंद. शेवटी आया रंगुबाई अंधारातून चालत तिला बोलवायला गेल्या. बाळंतीण वाचली. सकाळी दीक्षा रंगुबाईंना घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

"मानूस म्हनला, दोन दिस ठिवून जावा," रंगुबाईंनी मला नंतर सांगितलं. "तर म्हनली, मला चालायचं न्हाई, दुसरा द्या. हलंना बघा. लय ऐकवलं त्येला." नवा फोन घेऊनच ती उठली.

मला फार बरं वाटलं. पण बसली ती बाळंतिणीसाठी. स्वतःसाठी बसली असती का?

मुलगा शांत आहे, शिकलेला आहे. फक्त बोलता बोलता म्हणाला, लग्नानंतर नोकरीची काय गरज. तेव्हा दीक्षा खाली बघत होती.

येणाऱ्या फोनचेही तिचेच पैसे जातात, म्हणून मी मोबाईलवर कधी करत नाही. रविवारी तीच बूथवरून करते. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, ती सांगलीला खोलीवर पोचली असेल. दवाखान्याचा समजून पटकन उचलेल. नोकरी सोडली तर चालेल का, असं विचारायचं नाही; उत्तर मला माहीत आहे. तुला काय हवंय, एवढंच विचारते.

ही वही मिटून नंबर फिरवते.