जमिनीवरचं बेट

बी.एस्सी.च्या वर्गात दरवर्षी मी फळ्यावर समुद्र काढते. त्यात एक बेट आणि बेटाकडे येणारी एकच होडी. होडीतली मूठभर माणसं तिथेच राहिली, पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं करत गेली. मग एखाद्याच्या रक्तात लपून आलेला दोष पुढे नातवंडा-पतवंडांत कसा वर येतो, आणि जनुकं तपासून ती माणसं मुळात कुठून आली हे कसं कळतं, ते समजावते. परवा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, बेटावर मामाची पोरगी चालती का?" वर्ग हसला. मीही हसले. लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

हा धडा मी स्वतः शिकत होते तेव्हाच वडगावच्या आत्याने तिच्या मुलासाठी मला मागणी घातली होती. कोण्या पिढीत आमची विणकरांची चार घरं हातमाग घेऊन या शहरात आली म्हणे. तेव्हापासून मुली वडगाव-खासबाग या दोन विणकर वस्त्यांच्या बाहेर गेल्याच नाहीत. आत्यासुद्धा तिच्या आत्याच्याच घरी दिलेली. मी घाबरले. पण आप्पांना खरं कारण सांगायची छाती झाली नाही. "मला पुढं शिकायचंय," एवढंच म्हणाले. बहिणीचा शब्द मोडायला नको म्हणून आप्पांनी धाकटीला दिलं. ती खुशीत होती. तिच्या हळदीला मी सगळ्यांत पुढे, तोंडाला मात्र कुलूप.

तिला मुलगा झाला. घरातच पॉवरलूम, माग धडधडू लागले की पाहुणे कान झाकायचे, बाळ मात्र गाढ झोपलेलं. आत्या कौतुकाने म्हणायची, "विणकराचं पोर हाय, सवय झालीया." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळेना, तेव्हा कुठे तपासणी झाली. डॉक्टरांनी आधी विचारलं, लग्न नात्यात झालंय का? तेच कारण, असं ते खात्रीने म्हणाले नाहीत. मला खात्रीची गरज नव्हती.

परतताना रिक्षात मी बहिणीला सगळं सांगून टाकलं. मला ठाऊक होतं, मी स्वतःला सोडवलं आणि तुझ्या वेळी गप्प बसले. शिव्या दे, म्हणाले. ती मुलाच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"तू न्हाय म्हणालीस ते बरंच झालं आक्का," ती म्हणाली. "न्हायतर ह्यो तुझ्या पोटाला आला असता. तुला नको झाला असता गं."