थकव्याची अफवा

"थकवा ही अफवा आहे!" असं म्हणत ते आधी तुमचा दंड दाबत. नमस्कार नंतर. बाजारात भरताचं वांगं घेताना बायका अंगठ्यानं दाबून बघतात ना, अगदी तसा. मग मान एकदा हलायची, उभी किंवा आडवी. तो निकाल. त्यावर अपील नाही.

माझी त्यांची पहिली भेट जळगावच्या आमच्या शाळेतली, साठच्या दशकाच्या अखेरीची. मी नवाकोरा मास्तर, ते मुरलेले कवायत शिक्षक. त्यांनी माझा दंड दाबला, बोटं तिथंच ठेवली आणि विचारलं, "भूगोल का?"

मी चाट. "तुम्हाला कसं कळलं?"

"या दंडावर दुसरं काय शिकवता येणार, भो?"

सगळी गल्ली त्यांना वस्ताद म्हणायची. दिवसा शाळेची कवायत आणि सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकाची व्यायामशाळा, असा त्यांचा संसार. पन्नाशी उलटलेली, छाती मात्र उलटायला तयार नव्हती. मिशी अशी की कवायतीला पोरं त्यांच्याकडे नाही, मिशीकडे बघून पावलं टाकत.

त्यांचा स्वतःचा एक सिद्धान्त होता आणि तो ते कोणालाही, कुठेही ऐकवत. न्हाव्याच्या खुर्चीत ऐकवत. तेराव्याच्या पंगतीतही ऐकवत. "विशीतला गडी म्हणजे बैल. चाळिशीतला घोडा. त्यापुढे घोडा नुसता खिंकाळतो."

"आणि बायका?" कोणी तरी विचारायचंच.

"बाईमाणूस लवकर दमतं. निसर्गच तसा शे, त्याला आपण काय करणार?"

हे बोलताना त्यांच्या तोंडात बहुधा अक्कांनी केलेली कळण्याची भाकरी असे. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. काटकुळ्या, ठेंगण्या, आणि आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडणारा. पहाटेपासून दळण, पाणी, धुणं उपसून त्या वस्तादांना वाढायला बसत आणि निसर्गावरचं हे व्याख्यान ऐकत. "आजून भाकर लागस का?" एवढंच विचारत.

आता तुम्हाला कळलं असेल की गोष्ट कुठं जाणार आहे. वस्तादांना मात्र कळलं नाही. त्यातच तर गंमत आहे.

झालं असं. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका एके दिवशी व्यायामशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत दोरीवर लंगोट वाळत होते. बाईंनी लंगोटांच्या वरच्या आभाळाकडे बघत बोलायला सुरुवात केली. त्यांच्या मुलींना खो-खोच्या सामन्यांना धुळ्याला जायचं होतं. शाळेला पटांगण नव्हतं, रस्त्यावर सराव केला की टपरीवरची टोळकी शिट्ट्या मारत. व्यायामशाळेच्या अंगणाला चारी बाजूंनी भिंत होती. संध्याकाळचा एक तास मिळाला तर मुली धुळ्याला जाणार, नाही तर नाव मागे घ्यावं लागणार.

"बाई," वस्ताद म्हणाले, "तास देईन हो. पण मुली त्या तासाचं काय करणार? अर्ध्यात दमतील."

"आणि नाही दमल्या तर?"

"दमणारच."

"सिद्ध करा."

वस्तादांच्या आयुष्यात हा शब्द त्यांना कोणी ऐकवला नव्हता. मिशी ताठ झाली. "करतो! तीन गडी, तीन बायका. कसरत मी ठरवणार. हरलो तर संध्याकाळ तुमची."

आणि मंडळी, इथं त्यांनी चूक केली. धावायची शर्यत लावली असती, दगड उचलायला लावले असते, जोर काढायला सांगितले असते, तर खुशाल जिंकले असते. पण शाळेत ते दंगेखोर पोरांना जी शिक्षा देत, तीच त्यांना सुचली. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरायचे, तळवे वर, प्रत्येक तळव्यावर एक लिंबू. लिंबू पडलं की बाद. या शिक्षेनं भलेभले रडलेले त्यांनी पाहिले होते. ते सगळे मुलगे होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दिवस ठरला आखाजीचा. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा माहेराचा सण. सासरी गेलेल्या सगळ्या लेकी घरी आलेल्या, कडुलिंबाच्या झाडांना झोके टांगलेले, घराघरात आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे. म्हणजे प्रेक्षकांची सोय आपोआप झाली. दुपार कलल्यावर गल्लीतल्या यच्चयावत लेकी व्यायामशाळेच्या भिंतीवर चढून बसल्या.

गड्यांच्या बाजूनं पहिला सोनगीरचा पैलवान, विशीतला, दंड म्हणजे कलिंगडं. दुसरे स्वतः वस्ताद. तिसरा मी. "सुशिक्षितांचाही एक पाहिजे," असं वस्ताद म्हणाले. त्यात माझा मान किती आणि अपमान किती, हे मी अजून ठरवतो आहे. तिकडून मुख्याध्यापिका बाई आणि त्यांच्या संघातली एक नववीतली मुलगी. तिसरी ठरलेली बाई ऊन लागून आडवी झाली होती.

"अक्काले बलावा!" भिंतीवरून आरोळी आली.

अक्का समोरच्याच अंगणात चुलीपुढे होत्या. सकाळपासून अर्ध्या गल्लीचे मांडे त्याच करत होत्या. कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी तशाच आल्या. "माले कसाले बलावनं?"

बाईंनी समजावलं.

"हात आडवा धरना, आन् निंबू पाडानं नही? बस? त्यामा काय शे?"

वस्ताद हसले. केवढ्या मोठ्या मनानं हसले!

"हात आडवे... धर!"

सर्वांत आधी मी पडलो. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मग नववीतली मुलगी गेली, पण थकून नव्हे. माझं लिंबू पैलवानाच्या पायाशी घरंगळत गेलं ते पाहून तिला हसू आवरेना.

मग गंमत सुरू झाली. पैलवानाची कलिंगडं थरथरू लागली. कपाळावर शिरा, हनुवटीवरून घाम, डोळे असे की जणू कोणी त्याच्या खांद्यांवर बैलगाडी ठेवली आहे. आणि धप! लिंबू खाली. वस्ताद अजून ताठ. बैल गेला, खिंकाळणारा घोडा उभा! थोड्या वेळानं बाईही दोन्ही लिंबं अदबीनं खाली ठेवून बसल्या.

राहिले नवरा-बायको.

वस्ताद समोर बघत होते. श्वास मोजून घेत होते. बोलणं बंद. आणि अक्का? अक्का हात पसरून इकडेतिकडे बघत होत्या. कोणाच्या लेकीला विचारत होत्या, सासू बरी का. मध्येच मान वळवून ओरडल्या, "पुरन झाकी ठेव वं माय, माशा बसतीन!" लिंबं तळव्यांवर अशी निवांत, जणू फळीवर मांडून ठेवलीत.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मांडा कसा करतात ते तुम्ही पाहिलं असेल. पुरण भरलेला उंडा घ्यायचा आणि दोन्ही हात अधांतरी धरून, कोपरापासून मनगटापर्यंत झुलवत झुलवत तो पसरायचा. परातीएवढा झाला की तसाच हातांवरून तापल्या खापरावर टाकायचा. मग पुढचा. लग्न झाल्यापासून अक्कांचे हात प्रत्येक सणाला असे हवेत होते. वस्तादांनी गल्लीतल्या बायकांसाठी हुडकून हुडकून तीच कसरत काढली होती!

"आबा, मिशी थरथरी ऱ्हायनी तुमनी!" भिंतीवरून एक लेक किंचाळली.

खरंच थरथरत होती. आधी मिशी, मग खांदे, मग डाव्या हातावरचं लिंबू गोल गोल फिरलं, कडेला आलं, आणि पडलं.

भिंतीवरही कोणी हसलं नाही. सगळ्यांचं वस्तादांवर प्रेम होतं हो.

अक्कांनी हात खाली घेतले. "व्हयनं का? मनं खापर उगाच तापी ऱ्हायनं." पडलेली सगळी लिंबं ओच्यात गोळा केली, "सरबतले व्हतीन," म्हणाल्या आणि चुलीकडे निघून गेल्या.

वस्ताद मुख्याध्यापिकांसमोर गेले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळ तुमची." आणि वळून पैलवानांवर गरजले, "लंगोट उतरवा रे! दोरीवरचे!"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. दुखणाऱ्या खांद्यांचं निमित्त, पण खरा प्रश्न वेगळा होता. डॉक्टर म्हणाले, "मोठा स्नायू जोरानं आवळला की स्वतःच्याच रक्ताची वाट दाबतो, म्हणून धरून ठेवायच्या कामात लवकर थकतो. अक्कांचा दंड बारीक, त्यात रक्त खेळतं राहतं. शिवाय त्यांना सवय. आणि वय झालं की स्नायू संथ होतात, पण संथपणे धरून ठेवायला तेच बरे. म्हणून तुम्ही त्या पोरापेक्षा टिकलात. पळायचं असतं तर मात्र पोरगाच पुढे."

यातलं वयाबद्दलचं वस्तादांनी तिथल्या तिथे मान्य केलं. बायकांबद्दलचं पचायला तो उन्हाळा गेला. पण गेला खरा. मुलींना धुळ्याला घेऊन जाणाऱ्या एस.टी.त पुढच्या बाकावर ते स्वतः होते, आणि कंडक्टरला सांगत होते, "थकवा ही अफवा आहे. फक्त ती गड्यांच्यात आधी पसरते." मुली दुसऱ्याच सामन्यात हरल्या. वस्तादांनी पंचाचा दंड दाबून पाहिला आणि मान आडवी हलवली.

त्यानंतर दर आखाजीला एक सोहळा सुरू झाला. अक्का चुलीपुढे मांडे करायला बसल्या की वस्ताद समोर येऊन उभे राहत. तळव्यांवर दोन लिंबं. "हं, होऊन जाऊ दे." अक्कांच्या हातांवर मांडा झुलत राही, त्यांच्या हातांवर लिंबं. दरवर्षी हरत. दरवर्षी सरबत होई. माझी धुळ्याला बदली झाली तरी हा सामना पाहायला मी आखाजीला जळगावला येत असे.

शेवटच्या वर्षी ते आजारातून उठले होते. छाती अखेर उलटली होती, दंड बनियनच्या बाहीत शोधावा लागे. तरी आले. लिंबं घेतली, हात पसरले. मिशी पहिल्यापासूनच थरथरत होती. अक्कांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. हातांवरचा मांडा अर्धाच पसरला होता. तो त्यांनी परातीत टाकला.

"दमनू बरं मी."

वस्तादांचे डोळे केवढे झाले! लिंबं टाकून ते थेट गल्लीत. "हरली! अरे, अक्का हरली! बाईमाणूस दमतं, मी सांगत नव्हतो?" दारोदार जाऊन सांगत होते. मी अंगणातच होतो. अक्कांनी तो अर्धा मांडा पुन्हा उचलला, झुलवला, खापरावर टाकला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. टोपली भरेपर्यंत हात खाली आला नाही.

पुढच्या आखाजीला वस्ताद नव्हते. मी गेलो. अक्का चुलीपुढे, आणि समोरच्या ओट्यावर, वस्तादांच्या नेहमीच्या जागी, दोन लिंबं. मला काय वाटलं कोण जाणे. लिंबं उचलून मी तिथं उभा राहिलो, हात पसरले. पहिला मांडा फुगायच्या आतच माझं एक लिंबू चुलीपाशी घरंगळलं.

त्यांनी ते उचललं, पदरानं राख पुसली आणि परत ओट्यावर ठेवलं.

"राहू द्या भो. ती जागा अफवावालानी शे."

आणि पुढचा उंडा हातावर घेतला.