हॉटेलच्या वाळूवर मुत्या

सुरी हातात तशीच धरून वर्ना एस्पारोंने विचारलं, "पुन्हा सांग. काय नको?"

"आग," फ्रेडो म्हणाला. फ्रेडो तिच्या बहिणीचा मुलगा. प्रालँ बेटाच्या किनाऱ्यावर नवं हॉटेल झालं तेव्हापासून तो तिथल्या फाटकावर पहारेकरी होता, आणि आज शनिवारी पाहुण्यांपुढे नाचायचं बोलावणं घेऊन आला होता. "पाहुण्यांना धूर सोसत नाही म्हणे. मुत्याचा नाच जेवणाआधी उरकायचा. आणि मॅनेजरबाई म्हणाल्या, गाणं जरा आनंदी असू दे."

"मग ढोल कशावर तापवू? तिच्या डोक्यावर?"

निरफणसाच्या काचऱ्या अर्ध्यावर टाकून वर्ना उठली. मुत्या तिच्या रक्तातला. तिचे पूर्वज गोऱ्या मालकांचे गुलाम. दिवसभर नारळ सोलून झाले की ते झाडीत आग पेटवायचे, बकऱ्याच्या कातड्याचे ढोल ताणले जाईपर्यंत शेकायचे, नाचायचे आणि मालकाला तोंडावर सांगता येत नव्हतं ते गाण्यात सांगायचे. पुढे इंग्रजांच्या राज्यात शहरात ढोल वाजवायलाही बंदी आली. वर्नाच्या आजोबांचा ढोल एका शिपायाने बुटाने फोडला होता. आता तोच मुत्या हॉटेलच्या पाटीवर रंगीत अक्षरांत लिहिलेला होता.

नकारच द्यायचं तिच्या मनात होतं. पण हॉटेलने कुंपण घातल्यापासून ती त्या वाळूवर गेली नव्हती. कायद्याने किनारा सगळ्यांचा, फक्त तिथवर जाणारी वाट हॉटेलच्या आवारात. वर्नाचा नवरा होता तोवर त्याच वाळूवर होडी ओढायचा. नाचाच्या निमित्ताने का होईना, पाय तरी लागतील, म्हणून ती तयार झाली.

शनिवारी फाटकात फ्रेडोने तिची पिशवी उघडायला सांगितली.

"तुझे लंगोट धुतलेत मी. माझी पिशवी बघतोस?"

"मावशी, वर कॅमेरा आहे. माझ्या पोटावर पाय नको देऊस."

तिने पिशवी त्याच्या अंगावर उपडी केली. घागरा, कंगवा, चिंचेच्या गोळ्या. "घे, बघ!"

वाळूवर पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या. न तापवलेले ढोल ओल्या पोत्यावर काठी मारावी तसे वाजत होते. लाजेने वर्नाचे कान तापले. ठरलेलं गाणं तिने सुरूच केलं नाही. आपल्या क्रेओल बोलीत तिने हाक दिली,

"समुद्राला कुलूप कुणी घातलं गं?"

साथीला आलेल्या गावातल्या बायका क्षणभर गांगरल्या, मग सावरून एका सुरात म्हणाल्या, "परक्या बाईनं, परक्या बाईनं!"

"आणि किल्ली कुठं ठेवली?"

"बुडाखाली, बुडाखाली!"

पाहुणे टाळ्या वाजवत होते. मॅनेजरबाईही ठेका धरून डोलत होत्या. एका वाढप्याला हसू फुटलं आणि हातातलं तबक निसटलं. बाईंचा चेहरा बदलला.

"काय गातेय ती?"

"समुद्राची स्तुती आहे, मॅडम," वाढपी म्हणाला.

"खोटं कशाला बोलतोस?" वर्ना पुढे आली आणि तिने ओळीन् ओळ मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकली. टाळ्या थांबल्या. पाहुण्यांमधल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "खरंच तुम्हाला इथे येऊ देत नाहीत?"

"आज आलेय ना! तुम्हाला करमणूक हवी होती म्हणून."

"पुन्हा इथे पाऊल ठेवू नका," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर वर्ना होडीतून आली. बरोबर त्याच बायका, ढोल, लाकडं, भाजायला मासे. भरतीच्या रेषेखाली, ओल्या वाळूवर त्यांनी जाळ केला. आता ढोल असा घुमला की खोल्यांच्या खिडक्या पटापट उघडल्या. फ्रेडो धावत आला.

"मावशी, तुला हाकलायला पाठवलंय मला."

"मग हाकल की."

त्याने आगीकडे पाहिलं. मग टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाला, "इथे माझा हुकूम चालत नाही. जाऊन तेच सांगतो."

त्याने तसंच सांगितलं. आठवडाभरात त्याची नोकरी गेली. आता होडी तोच वल्हवतो.

दर रविवारी ती सगळी त्या वाळूवर जातात. गावात लोक वर्नाला म्हणतात, जिंकलीस बाई! ती खवळते. तिचा शेजारी झोझेफ आयुष्यभर त्या किनाऱ्यावर जाळी विणत बसायचा. त्याच्या गुडघ्यांना होडीत चढणं जमत नाही. ढोल ऐकू येतात तेव्हा तो कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसतो.

"त्याला आत घ्या," वर्ना म्हणते, "मग मला जिंकलीस म्हणा."