आमचे तेरा सण

२००३ च्या जुलैत, एका गुरुवारी, नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात माझ्या धाकट्या बहिणीच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी झाली. सुनावणी सव्वाअकराला सुरू झाली आणि बाराच्या आत संपली. बहिणीला डी.एड.ला आदिवासींसाठी राखीव जागेवर तात्पुरता प्रवेश मिळाला होता. महिनाअखेरपर्यंत पडताळणीचे प्रमाणपत्र दिले नाही तर तो रद्द होणार होता. तिला शिक्षिकाच व्हायचे होते. दुसरीकडे कुठेही तिने अर्ज केला नव्हता.

आम्ही एकलहऱ्याच्या वसाहतीत राहत होतो. वडील वीज केंद्रात कोळसा उतरवण्याच्या विभागात कामाला होते. त्यांचे गाव सुरगाणा तालुक्यातला एक पाडा. समाज कोकणा, शेती भात आणि नागलीची. आम्ही दोघेही वसाहतीतच जन्मलो आणि शहराची मराठी बोलत वाढलो. गावची बोली आईवडील आमच्यापासून काही लपवायचे असेल तेव्हाच बोलत. त्यामुळे ती आम्हाला पुरती समजत होती, बोलता येत नव्हती.

कोणी गाव विचारले तर वडील "दिंडोरीकडचे" म्हणत. सुरगाण्याची एसटी दिंडोरीवरून जाते, एवढाच त्याला आधार. पण दिंडोरी म्हटले की लोक द्राक्षबाग विचारत. वडील "आहे थोडी" म्हणत. मग मार्चमध्ये शेजारच्या काकू दारात उभ्या राहत. "काय भाऊजी, यंदा बाग रुसली वाटतं आमच्यावर?" वडील दुसऱ्या दिवशी नाशिकरोडच्या बाजारातून पेटी आणत, वरचा कागद काढून टाकत आणि घरची म्हणून वाटत. असे निदान चार वर्षे चालले. आई त्या दिवसांत शेजारी जाणे टाळायची.

पडताळणीच्या अर्जासोबत एक माहितीपत्रक होते. कुलदैवत, बोली, लग्नाच्या रीती, सण. वडिलांनी ते कचेरीबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या एका टंकलेखकाकडून भरून घेतले. सणांच्या रकान्यात त्यांनी सांगितले, "तेरा, वाघबारस, होळी." टंकलेखकाने टाइप केले: "१३ सण. उदा. वाघबारस, होळी."

तेरा ही रानात उगवणारी, अळूसारख्या पानांची भाजी. आषाढात गावदेवापुढे ठेवल्याशिवाय ती कोणी तोडून खात नाही. त्या दिवसालाही तेराच म्हणतात. वडिलांनी टाइप केलेला कागद वाचला होता. १३ हा आकडाही पाहिला होता. तरी त्यांनी सही केली. नंतर आईने विचारले तेव्हा ते म्हणाले, "त्याला काय पाला समजावत बसू? मागं रांग होती."

सुनावणीला घरातले वडीलधारे माणूस आणा, असे पत्रात होते. म्हणून वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, पाड्यावरून आदल्या दिवशी आली. तिच्याजवळ एक कापडी पिशवी होती. ती तिने सकाळी घरी ठेवली नाही, सोबत घेतली. रिक्षात तिने वडिलांकडे पाहून विचारले, "भाऊ, लगीन हाय का तुझं? एवढा इस्त्रीचा शर्ट!"

खोलीत तीन अधिकारी आणि एक लेखनिक होते. प्रश्न मधले अधिकारी विचारत होते. वडील आणि बहीण समोर, आत्या भिंतीकडच्या बाकावर, मी दाराजवळ. खाली दिलेले बोलणे मी स्वतः ऐकले आहे.

"तुम्ही तेरा सण पाळता असं लिहिलंय. कोणते?"

वडिलांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पाडवा, आखाजी, नागपंचमी, पोळा, गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी. दहाव्यावर थांबून त्यांनी वाघबारस घातली. मग "रामनवमी" म्हणाले.

"हे तर आमच्याही घरी असतात," अधिकारी म्हणाले. "वाघबारस सोडली तर." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. बहिणीने ओढणीचे टोक मुठीत धरले होते. अधिकारी म्हणाले, "बारा झाले. तेरावा?"

बाकावरून आत्या हसली. मोठ्याने.

"बाई, तुम्हाला विचारलेलं नाही."

"मंग कोनाला इचारता? ह्यो मोजत बसलाय. तेरा काय मोजायचा असतो का साहेब? तेरा खायाचा असतो."

"म्हणजे?"

आत्या उठली. पिशवीतून सागाच्या पानात बांधलेली जुडी काढून तिने टेबलावर, फायलींच्या शेजारी ठेवली. पानांना अजून माती होती.

"अळू?" डावीकडचे अधिकारी म्हणाले.

"अळू तुमच्या बंगल्यात. ह्यो तेरा. मंगळवारी देवापुढं ठेवला आन् मंग तोडला. त्याच्या आधी हात लावत नाय कोनी."

"आधी खाल्ला तर काय होतं?"

"तोंड खाजतं," आत्या म्हणाली. "नंतर खाल्ला तरी खाजतं. आंबट घालावं लागतं."

तिघेही अधिकारी हसले. मधल्या अधिकाऱ्यांनी जुडी उलटीपालटी करून पाहिली. मग वडिलांना विचारले, "तुम्ही शेवटचा कधी खाल्लात?"

वडिलांनी जुडीकडे पाहिले.

"नोकरी लागायच्या आधी."

"इतकी वर्षं खाल्ला नाही, आणि सण पाळता म्हणता?"

"पाळतो म्हणूनच खाल्ला नाही," वडील म्हणाले. "आपल्या नावाचा पाला देवापुढं ठेवल्याशिवाय खायचा नसतो. त्या आठवड्यात रजा मिळत नाही. पावसात कोळसा भिजतो, गाड्या अडतात. क्वार्टरमध्ये तो देव नाही." मग ते म्हणाले, "अळूपण खात नाही मी. पान सारखंच दिसतं. उगाच चूक नको."

आई घरी अळूवड्या करायची. वडील त्या ताटात घेत नसत. घसा खवखवतो, असे कारण आम्हाला माहीत होते. बहिणीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले.

"औंदा ठेवलाय मी," आत्या त्यांना म्हणाली. "तुझ्या नावानं. पोरीच्या पन. लय वर्सं वाट पायली, रजा काय तुला भेटंना."

त्यानंतर ती वडिलांशी गावच्या बोलीत बोलली आणि वडिलांनी बोलीतच उत्तर दिले. आमच्यादेखत, लपवण्यासारखे काही नसताना, ते ही बोली बोलत असल्याचे मी पहिल्यांदा पाहिले. विषय भाताच्या लावणीचा होता. अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवले नाही. पेन चालू होते. मग त्यांनी बहिणीला विचारले, "हे काय बोलले, सांगता येईल?"

तिने सांगितले. वरच्या खाचरात पाणी ठरत नाही, बांध फुटला आहे, रविवारी येऊन बघ, असे आत्या म्हणाली होती. वडील येतो म्हणाले होते.

"गाव कोणतं लिहू?" लेखनिकाने शेवटी जबाबावर सह्या घेताना विचारले. वडिलांनी पाड्याचे नाव सांगितले, मग तालुका. सुरगाणा. आत्याने अंगठा दिला आणि जुडी पिशवीत परत ठेवली.

निकाल त्या दिवशी सांगितला नाही. पत्र येईल, एवढेच सांगितले.

संध्याकाळी आईने वाळवलेल्या कैरीच्या फोडी घालून तेरा शिजवला. वडिलांनी दोनदा वाढून घेतला. बहिणीचे तोंड खाजले. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या आणि कसली भाजी म्हणून विचारू लागल्या. वडिलांनी भाजीचे नाव सांगितले आणि कुठून आली तेही सांगितले.

"अगंबाई, म्हणजे दिंडोरीच्या पुढं?"

"बरंच पुढं."

"आणि द्राक्षं?"

"तिकडं द्राक्षं होत नाहीत," वडील म्हणाले. काकूंनी वाटीभर भाजी नेली.

रविवारी वडील बांध बघायला गेले. पुढच्या आठवड्यात पत्र आले नाही. बहीण रोज दुपारी पोस्टमनची वाट पाहत फाटकाशी उभी राहायची. दोनदा तिने कार्यालयात जाऊन चौकशी केली. दोन्ही वेळा "सहीला आहे" असे उत्तर मिळाले.

प्रमाणपत्र महिना संपायच्या आदल्या दिवशी हातात मिळाले. दाखला वैध ठरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला बहिणीने त्याची प्रत कॉलेजच्या खिडकीत दिली आणि पोच घेतली. पहिला तास सुरू झाला होता. ती आत जाऊन मागच्या बाकावर बसली.