मालनताईंचा फळा

पाणी किती वाजता येणार, कोण वारलं, हे चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचं काम मालनताईंचं. घाटकोपरच्या या चाळीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली. निम्मी चाळ त्यांच्यापुढे बसून अक्षरं गिरवायला शिकली.

एका दुपारी बारा वर्षांची जान्हवी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. तिने नुसता मोबाईल पुढे केला. ऑनलाइन गेममध्ये भेटलेल्या कुणा ‘दादा’ने तिचा फोटो मागून घेतला होता. आता तो धमकावत होता, आणखी नको तसले फोटो पाठव, नाहीतर हा सगळ्यांना दाखवतो.

मालनताई तिला घेऊन तिच्या बापाकडे गेल्या. मेसेज वाचता वाचता तिचा बाप राजेश पांढराफटक पडला.

“आधी हे पुसतो. उद्याच हिला कणकवलीला आईकडे सोडतो. बभ्रा नको.”

ही चाळीची जुनीच रीत. काही झालं की पोरगी गावाला. मालनताईंची शाळाही अशीच सातवीत सुटली होती. त्यांची छेड काढणारा मात्र इथेच राहिला, इथेच त्याचं लग्न झालं.

त्यांनी मोबाईल हिसकावला. “एक अक्षर पुसायचं नाही! हाच पुरावा. गुन्हा त्याचा आणि शाळा हिची बंद?”

“ताई, लोक काय म्हणतील?”

“बालवाडीत रोज चड्डी ओली करायचास रे. तेव्हा पाठवला का तुला गावाला?”

जान्हवी खुदकन हसली. संध्याकाळी तिघं पोलीस ठाण्यात तक्रार देऊन आले.

सकाळी फळ्यावर पाण्याच्या वेळेखाली लिहिलेलं होतं : ‘मोबाईलवर कुणी मुलांना धमकावत असेल तर काही पुसू नका. मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर फोन करा किंवा खोली नंबर अकरामध्ये या. – मालन.’ जान्हवीचं नाव कुठेही नव्हतं.

कमिटीचे धोंडूभाऊ ओलं फडकं घेऊन आले. “चाळीची अब्रू जाते, ताई.” त्यांनी पुसलं. ताईंनी पुन्हा लिहिलं. दुपारी पुन्हा पुसलेलं. संध्याकाळी ताईंनी अक्षरं दुप्पट मोठी केली. पाण्याची वेळ कोपऱ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी धोंडूभाऊ खाली उतरले, तर फळ्याला पाठ लावून राजेश उभा. कामाची वेळ टळून गेलेली.

“बाजूला हो रे.”

“नाही होत. तुम्हालाही नात आहे, भाऊ. फडकं खाली ठेवा.”

तेवढ्यात जान्हवी दप्तर घेऊन जिना उतरली, दोघांच्या मधून वाट काढली आणि शाळेला गेली.